जांभळा आणि तांबडा

पूर्वी बहुतेक शाळांच्या कचेरीत एक लाकडी औषधपेटी असे. कापसाची गुंडाळी आणि पट्ट्या यांच्या शेजारी तिच्यात हटकून तीन बाटल्या उभ्या असत. एकीत जेन्शन व्हायोलेट, दुसरीत टिंक्चर आयोडीन आणि तिसरीत स्पिरिट. मुलाचे तोंड आले की जांभळे औषध, गुडघा फुटला की आयोडीन, आणि हात स्वच्छ करावयाचे झाले की स्पिरिट, एवढेच त्यांचे काम आपण जाणत होतो. परंतु जांभळा रंग, आयोडीन व मद्यार्क या तीन द्रव्यांना एका विशिष्ट क्रमाने जोडले की त्यातून जंतुशास्त्रातील एक कसोटी सिद्ध होते. १८८४ साली एका तरुण डॅनिश वैद्याने ती जगापुढे मांडली. जगातील लहानमोठ्या प्रयोगशाळांतून ती आजही दररोज वापरली जाते. त्या वैद्याचे नाव हान्स ख्रिश्चन ग्राम. श्रोतेहो, आज या ग्रामच्या रंजनपद्धतीची हकीकत सांगावयाची आहे. तिचा एक धागा कोपनहेगन आणि बर्लिन येथून निघून मुंबईच्या मांडवीपर्यंत, बीड जिल्ह्यातील एका खेड्यापर्यंत आणि शेवटी आपल्या हैदराबादेपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम हे पाहिले पाहिजे की जंतूंना रंग देण्याची गरजच काय पडली? हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने सतराव्या शतकातच स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून जंतू पाहिले होते. १६८३ मध्ये त्याने आपल्या दातांच्या फटींतील मळात दिसलेल्या वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून पाठविले. तथापि यापुढे दोनशे वर्षे गाडे फारसे पुढे सरकले नाही. याचे एक मोठे कारण असे की जंतूचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते. पाण्याने भरलेल्या पेल्यात काचेचा मणी टाकला तर तो जसा दिसता दिसत नाही, तशीच जंतूची गत. त्यातून तो माणसाच्या फुप्फुसात किंवा गाठीत, सहस्रावधी पेशींच्या गर्दीत दडलेला असला म्हणजे त्याला ओळखून काढणे अधिकच दुर्घट. ज्याला नाव द्यावयाचे तो आधी नजरेस तर पडला पाहिजे!

तो नजरेस पडला तो रंगाऱ्यांच्या कृपेने, आणि या ठिकाणी आपल्या देशाचा संबंध अगदी शब्दाच्या मुळापासून येतो. 'अॅनिलीन' हे नाव आपल्या 'नील' या संस्कृत शब्दाचे दूरचे नातवंड आहे. संस्कृत 'नील' अरबांकडे गेला, त्यांच्याकडून पोर्तुगिजांच्या बोलीत 'अनिल' होऊन बसला, आणि १८४० च्या सुमारास नीळ ऊर्ध्वपातित करून मिळालेल्या तेलकट द्रवाला रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झशे याने त्याच शब्दावरून अॅनिलीन हे नाव दिले. पुढे १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही साधले नाही, पण त्याच्या भांड्याच्या तळाशी जांभळ्या रंगाचे एक सुंदर द्रव्य मिळाले. पहिला कृत्रिम रंग तो हाच. काही वर्षांतच डांबरापासून रंग तयार करणारे कारखाने जर्मनीत धडाधडा उभे राहिले. आपल्या नीळ पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या कपाळी त्यामुळे जे आले त्याची कथा निराळी. आज आपल्याला त्या रंगांचा दुसरा उपयोग पाहावयाचा आहे. कार्ल वायगर्ट या वैद्याने १८७५ च्या सुमारास मिथिल व्हायोलेट या रंगाने जंतू रंगवून दाखविले. रॉबर्ट कॉख याने जंतूंचा पातळ थर काचेवर वाळवून रंगविण्याची रीत बसविली. आणि वायगर्टचाच नातलग पॉल एर्लिख याला तर रंगांचे जणू वेडच लागले होते. १८८२ च्या मार्च महिन्यात कॉखने क्षयाचा जंतू जगाला दाखविला तोही रंगाच्याच साहाय्याने.

या वातावरणात १८८३ साली ग्राम बर्लिनमध्ये दाखल झाला. जन्म कोपनहेगनचा, १८५३ चा. तरुणपणी त्याने वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला होता. वनस्पतींच्या पेशी पाहता पाहता सूक्ष्मदर्शक यंत्र त्याच्या हाताखालचे झाले. त्यानंतर तो वैद्यकाकडे वळला. बर्लिनच्या नगरपालिकेच्या फ्रीडरिखशाइन रुग्णालयात कार्ल फ्रीडलेंडर हा शवविच्छेदनाचे काम पाहत असे. न्यूमोनियाने मरण पावलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचे बारीक काप काढून त्यांतील जंतू शोधणे हे त्याच्या हाताखाली ग्रामचे काम. अडचण अशी होती की रंग ओतला की जंतूही रंगत आणि फुप्फुसाच्या पेशींचे केंद्रही रंगत. सर्व काही निळेजांभळे! ग्रामला हवा होता तो असा उपाय, की ज्याने जंतूंचा रंग टिकावा आणि पेशींचा मात्र धुऊन जावा.

तो उपाय त्याला सापडला. एर्लिखच्या जेन्शन व्हायोलेटने काप रंगवावयाचा, नंतर तो आयोडीनच्या पाण्यात ठेवावयाचा, आणि मग मद्यार्काने धुवावयाचा. पेशी निर्वर्ण होत आणि जंतू गडद जांभळे राहत. काही वेळा तो बिस्मार्क ब्राऊन हा तपकिरी रंग मागाहून देऊन पेशींची पार्श्वभूमी स्पष्ट करून घेई. परंतु काम करताना ग्रामच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. सगळेच जंतू रंग धरून ठेवीत नव्हते. काही न्यूमोनियाच्या रोग्यांतील जंतू मद्यार्कात फिके पडत. विषमज्वराचे जंतू तर रंग टिकवून धरीतच नसत. आपल्या पद्धतीतील हे वैगुण्यच आहे असे त्याला वाटले. १८८४ साली त्याने आपला लेख प्रसिद्ध केला तेव्हा ही पद्धत सदोष व अपुरी आहे हे त्याने स्वतःच नमूद केले, आणि दुसऱ्या संशोधकांच्या हाती ती उपयोगी ठरेल एवढीच आशा व्यक्त केली. पुढे ज्याला वैगुण्य म्हटले तेच तिचे मोल ठरले! रंग धरणारे आणि रंग सोडणारे अशी जंतुसृष्टीची दोन मोठी कुळे या एका कसोटीने वेगळी झाली. धरणाऱ्यांना आज आपण ग्राम-धन म्हणतो आणि सोडणाऱ्यांना ग्राम-ऋण.

गुरुजींच्या पेशात असल्यामुळे ही रीत नुसती सांगून माझे समाधान होत नाही. मलकपेठेतील आमच्या शाळेत दरवर्षी मी ती मुलांना करून दाखवितो. एका काचपट्टीवर ताकाचा थेंब आणि दुसरीवर दाताच्या कडेचा मळ घ्यावयाचा, पसरून वाळवावयाचा, ज्योतीवरून काच दोनतीनदा फिरवून तो चिकटवून घ्यावयाचा. मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट. पाण्याने धुवून आयोडीन एक मिनिट. त्यानंतर स्पिरिटचे काही थेंब, आणि हाच क्षण हातचा जाऊ न देण्याचा. कारण स्पिरिट अधिक झाले तर धरणारेही रंग सोडतात, आणि उणे पडले तर सोडणारेही जांभळेच राहतात. शेवटी सॅफ्रानिन हा तांबडा रंग, म्हणजे ज्यांनी जांभळा सोडला ते तांबडे दिसू लागतात. ताकातील जंतू जांभळे दिसतात. दातांच्या मळात जांभळे आणि तांबडे यांची सरमिसळ असते. यंत्राला डोळा लावलेल्या एका मुलाने एकदा विचारले, "सर, यांतले चांगले कुठले, जांभळे की तांबडे?" प्रश्न बाळबोध खरा, पण मोठ्या माणसांनाही पडणारा आहे. रंगावरून गुण ठरत नाही, हेच त्याचे उत्तर. दही लावणारे जंतू जांभळे आहेत, आणि घटसर्पाचा जंतूही जांभळाच. आपल्या आतड्यात निमूटपणे नांदणारे कित्येक जंतू तांबडे आहेत, आणि पटकीचा व प्लेगचा जंतूही तांबडाच. रंग कूळ सांगतो, करणी सांगत नाही.

या कसोटीने एका वादाचा निकाल कसा लावला तेही ऐकण्यासारखे आहे. न्यूमोनियाचा जंतू कोणता यावर फ्रीडलेंडर आणि आल्बर्ट फ्रेंकेल या दोघांचे जुंपले होते. फ्रीडलेंडर एका जंतूकडे बोट दाखवी, फ्रेंकेल दुसऱ्याकडे. पुढे स्पष्ट झाले की दोघांच्याही हाती खरेच निरनिराळे जंतू होते. फ्रेंकेलचा रंग धरणारा, फ्रीडलेंडरचा सोडणारा. आणि न्यूमोनिया दोघेही घडवून आणू शकतात. बहुसंख्य रोग्यांत फ्रेंकेलचाच जंतू असतो एवढे मात्र खरे. फ्रीडलेंडर बिचारा १८८७ साली वयाच्या चाळिशीच्या आतच वारला. ग्राम मायदेशी परतला, औषधिविज्ञानाचा व पुढे वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि १९३८ मध्ये निवर्तला.

एक जंतू रंग धरतो व दुसरा सोडतो, याचे कारण त्या पिढीला कळले नव्हते. ते जंतूच्या भिंतीत आहे. ग्राम-धन जंतूच्या पेशीभोवती एका विशिष्ट द्रव्याची जाड, अनेक पदरी भिंत असते. ग्राम-ऋण जंतूत तीच भिंत पातळ, आणि तिच्यावर मेदयुक्त असे आणखी एक बाहेरचे आवरण. जांभळा रंग आणि आयोडीन यांचा आत मोठा संयोग बनतो. मद्यार्काने जाड भिंत आवळते व तो आत अडकून पडतो. पातळ भिंतीवरचे मेदाचे आवरण मात्र मद्यार्कात विरघळते आणि रंग वाहून जातो. १९८३ साली कॅनडातील टेरी बेव्हरिज यांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचे संयुग वापरून ही क्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली. म्हणजे पद्धत निघाल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी!

आता प्लेगाकडे वळू. १८९४ च्या जून महिन्यात हाँगकाँगमध्ये प्लेगाने थैमान घातले होते. जंतूच्या शोधासाठी जपानहून कितासातो आपल्या पथकासह आला. तीनच दिवसांनी फ्रेंचांच्या बाजूने अलेक्झांडर येर्सिन हा जवळजवळ एकटाच येऊन पोहोचला. कितासातोची सर्व व्यवस्था इंग्रज अधिकाऱ्यांनी ठेवली; येर्सिनला प्रेतांजवळही फिरकता येईना. अखेर त्याने गवताने शाकारलेल्या झोपडीत प्रयोगशाळा थाटली आणि प्रेतागारावरील खलाशांच्या हातावर पैसे ठेवून काखेतील व जांघेतील गाठी कापून मिळविल्या. त्या गाठींत आखूड, बोथट टोकांचे जंतू खच्चून भरलेले होते, आणि ते ग्रामच्या पद्धतीत रंग सोडीत होते, हे त्याने स्पष्ट लिहून ठेविले. कितासातोच्या वर्णनात मात्र या मुद्द्यावर संदिग्धता राहिली. त्याच्या नमुन्यांत दुसरे जंतू मिसळले असावेत असे पुढे अनेकांनी दाखवून दिले. कोणी काय पाहिले याचा निवाडा करताना जी साक्ष महत्त्वाची ठरली तिच्यात ग्रामच्या कसोटीचा वाटा मोठा होता. आज प्लेगाच्या जंतूला जे शास्त्रीय नाव आहे ते येर्सिनवरून पडलेले आहे.

दोनच वर्षांनी तो रोग आपल्या दारी आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या गर्दीत, लोक तापाने आणि गाठींनी पटापट मरू लागले. तेथे रोगी पाहणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे ख्रिस्ती डॉक्टर आणि मुंबई नगरपालिकेच्या स्थायी समितीचे सभासद. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी समितीपुढे सांगून टाकले की हा ग्रंथिक प्लेग आहे. हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते. मुंबई हे साऱ्या हिंदुस्थानचे बंदर. 'प्लेग' हा शब्द निघाला की परदेशची बंदरे आपल्या जहाजांना दारे लावणार, व्यापार बसणार, गिरण्या ओस पडणार! झालेही तसेच. लाखो माणसांनी शहर सोडले. पुढच्याच वर्षी व्हेनिस येथे युरोपातील राष्ट्रांनी या प्लेगासाठी परिषद भरविली. तथापि शब्द दडपल्याने रोग दडपत नसतो, हे व्हिएगस जाणून होते.

व्हिएगस यांचे निदान रोग्याच्या लक्षणांवरून होते. त्याला जंतूचा पुरावा हवा होता. कलकत्त्याला पटकीच्या लशीचे काम करीत असलेल्या वाल्डेमार हाफकिन यांना ऑक्टोबरात मुंबईस पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत त्यांनी काम सुरू केले. गाठीतील द्रव काचेवर घेऊन साध्या रंगाने रंगविला की प्लेगाचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो, मिटलेल्या सेफ्टीपिनेसारखा. हाफकिन यांनी आणखी एक युक्ती काढली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्या थेंबांना खालून धरून प्लेगाचे जंतू गुहेतील लोंबत्या खडकांसारखे वाढतात. निदान पक्के झाले. १८९७ च्या १० जानेवारीस त्यांनी आपल्या लशीची पहिली टोचणी स्वतःलाच घेतली. परळच्या ज्या संस्थेत त्यांचे काम पुढे चालले तिला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे.

पुढचा इतिहास मराठी वाचकांस परिचित आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. १० मार्च रोजी पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या. जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली. घराघरांत शिरणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांना प्रत्येक ताप प्लेग दिसे आणि लोकांना प्रत्येक तपासणी जुलूम वाटे. खात्रीचे निदान जेथे पोहोचत नाही तेथे संशय राज्य करतो, हा त्या वर्षाचा धडा आहे. हिंदुस्थानात पुढील काही दशकांत या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

हैदराबादही सुटले नाही. १९०८ च्या २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या महापुरात हजारो माणसे वाहून गेली. चादरघाटचा पूल ओलांडून मलकपेठेकडे येताना आज नदीचा तो रोडावलेला प्रवाह पाहिला तर यावर विश्वास बसू नये. पुराच्या मागोमाग १९११ मध्ये शहरात प्लेगाची साथ आली, आणि १९१२ साली निजाम सरकारने शहराच्या सुधारणेसाठी 'आराइश-ए-बल्दा' हे मंडळ स्थापिले. कोंदट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते काढणे, हवेशीर घरे बांधणे हे त्याचे काम. शहराचे रूप बदलण्यात पुराइतकाच प्लेगाचाही हात आहे, हे आपण बहुधा विसरून जातो.

आणि नंतर, प्लेग इतिहासजमा झाला असे वाटत असताना, १९९४ उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला या गावी तापाचे आणि गाठींचे रोगी आढळले. बीड म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातलाच मुलूख. सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. परदेशांनी विमाने थांबविली. अगदी १८९६ चीच पुनरावृत्ती! जागतिक आरोग्य संघटनेकडे एकंदर ८७६ संशयित रोगी व ५४ मृत्यू यांची नोंद झाली. परंतु हा प्लेगच होता काय, यावर तज्ज्ञांत तीव्र वाद माजला. काचेवर दोन्ही टोकांना रंगलेले जंतू दिसले ही गोष्ट संशयाला पुरेशी, पण निर्णयाला अपुरी. कारण तसे दिसणारे दुसरे जंतूही आहेत. दुसराच एखादा रोग असावा असे पुष्कळांचे मत पडले. अखेर आपल्या हैदराबादेत, मलकपेठेपासून काही मैलांवर हब्सीगुड्याला असलेल्या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्रात डॉ. शिवाजी आणि त्यांचे सहकारी यांनी त्या साथीतील जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी केली. २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतू प्लेगाचाच होता.

यावरून कोणी म्हणेल की मग ग्रामची जुनी कसोटी आता कशाला हवी? आनुवंशिक तपासणी खात्रीची खरी, पण तिला यंत्रे लागतात, पैसा लागतो. काचपट्टी, चार बाटल्या आणि साधे सूक्ष्मदर्शक यंत्र तालुक्याच्या दवाखान्यातही असते, आणि उत्तर दहा मिनिटांत मिळते. मेंदूज्वराच्या रोग्याच्या पाठीतून काढलेल्या पाण्याचा एक थेंब रंगविला की पहिले औषध कोणते द्यावे याची दिशा डॉक्टरला तिथल्या तिथे कळते; कारण जंतूची भिंत जशी, तसा औषधाचा मार्ग. पेनिसिलीन जाड भिंतीची घडणच बिघडविते. पातळ भिंतीवरचे बाहेरचे आवरण मात्र कित्येक औषधांना दारातच अडविते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची यादी केली, तिच्यात सर्वांत निकडीच्या वर्गात घातलेले तिन्ही गट ग्राम-ऋण कुळातले होते.

ही कसोटी सर्वज्ञ नाही. क्षयाच्या जंतूच्या मेणचट भिंतीत तिचा रंग नीट शिरत नाही. त्यासाठी झील आणि नील्सन यांची वेगळी रीत वापरावी लागते. ती जंतूचे कूळ सांगते, नाव सांगत नाही. आपली पद्धत अपुरी आहे हे तिच्या जनकानेच पहिल्या दिवशी सांगून ठेविले होते, आणि म्हणूनच ती गेली शंभराहून अधिक वर्षे विश्वासाला पात्र राहिली आहे. आपल्याकडे मात्र साध्या पडशाला दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून दोन दिवस घेण्याची आणि बरे वाटताच सोडून देण्याची चाल पडली आहे. जंतू कोणता, तो आहे तरी की नाही, याची कोणी विचारपूस करीत नाही. एकेक औषध त्यामुळे बोथट होत चालले आहे. व्हिएगसांनी रोगाला त्याचे नाव देण्याचे धैर्य दाखविले. हाफकिनांनी त्या नावाला पुरावा दिला. घरात कोणी तापाने पडले म्हणजे डॉक्टरांना, "तपासणी करावयाची का?" एवढे विचारणे आपल्या हातचे आहे. त्याला धैर्य फारसे लागत नाही, थोडा धीर लागतो.